चपलांजवळचा बाक

पाटोळेमामा गेल्याचं मला आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. सकाळी सातला मी स्वतः त्यांच्या घरी त्यांना नळीतून पेज घालून, पाठ पुसून, कूस बदलून दवाखान्यात ड्युटीवर आले होते. साडेअकराला एका बाईच्या दंडाला पट्टी बांधत होते तेव्हा टेबलावरचा फोन थरथरला. उघडलं तर एक रंगीत चित्र. वर ढग, कबुतर, सोनेरी जिना. मधोमध आमचा पास्टर कोट घालून, हात पसरून उभा, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. आणि उजव्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढे, आमचे मामा. मेलं कोण आणि फोटो कुणाचा! मला रडू यायच्या आधी किळस आली. खाली बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली होती, माझ्या जावेचेही हात होते त्यात. मी पट्टी पुरी केली, हात धुतले, आणि मग मोरीपाशी उभी राहून रडले. आता पाच आठवडे झाले. रडू ओसरलंय, किळस काही गेली नाही. म्हणून हे लिहायला बसले. पास्टरला या लेखात मी अहोजाहो करणार नाही, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मामा म्हणजे शांतवन पाटोळे. जालन्याकडचे, मीही तिकडचीच, पण नात्याचे नव्हेत. सुरतेजवळच्या कडोदऱ्यात आमच्या गल्लीत त्यांना सगळे मामाच म्हणत, म्हणून मीही. कपड्याच्या कारखान्यात ते ताका, म्हणजे कापडाचा तागा, तपासायचे. मागावरून उतरलेला अख्खा ताका उजेडाच्या काचेवरून हाताहातानं ओढायचा, तुटलेला धागा दिसला, डाग दिसला, की खडूनं खूण करायची. तीसेक वर्षं हेच. शेठ चांगला होता, पण घाई असली की पाठीमागं उभा राहून म्हणायचा, "चालशे, पाटोळेभाई, चालशे." म्हणजे चालेल, सोडून द्या. मामांना या शब्दाची शिसारी होती. "चालशे म्हणून सोडलेला ताका परत येतोच," ते म्हणायचे, "आणि येताना दहा चांगल्या ताक्यांची अब्रू घेऊन येतो."

मी लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा मराठीतून उपासना करणारी आमची मंडळी म्हणजे सात घरं होती. कुणी जालन्याची, कुणी नगरची, दोन घरं साक्रीकडची, ती आपसात अहिराणी बोलायची. चलथाणच्या साखर कारखान्यातला एक फिटर बाजा वाजवायचा, तोही हंगाम संपल्यावरच. पाळक नव्हता. मामा वाचून दाखवायचे आणि जमेल तसा संदेश द्यायचे. खोलीच्या भिंतीपलीकडं माग चालू असायचे, त्यामुळं देवाचं वचन आम्ही खटाखट आवाजावर ओरडूनच ऐकलं. पण त्या खोलीत एक रीत होती. ती मी जालन्याच्या मोठ्या दगडी चर्चमध्येही पाहिली नव्हती. संदेश संपला की बोलणारा माणूस खाली उतरायचा आणि समोरच्या बाकावर लोकांकडं तोंड करून बसायचा. कारखान्यातून मोडीत काढलेला सागवानी बाक होता तो, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. मग अर्धा तास पडताळा. कुणीही, बाईमाणसानंसुद्धा, उठून विचारायचं, "कुठं लिहिलंय?" बसलेल्यानं शास्त्रातली जागा दाखवायची, सगळ्यांनी पानं उघडून बघायची. जागा नाही सापडली तर त्यानं सगळ्यांपुढं म्हणायचं, "ते माझं होतं, वचनाचं नव्हतं." बास. त्यावर कुणी हसायचं नाही, कुणी चिडवायचं नाही.

अर्थात मामींनी एकदा चिडवलंच. रत्नमालामामी म्हणजे मामांची बायको, चौथी शिकलेली, बोटानं अक्षरं चाचपत वाचणारी. एका नाताळात मामांनी पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी माणसांवर झकास संदेश दिला. एक म्हातारा, एक मध्यम, एक तरुण, असं सगळं रंगवून. बाकावर बसले, तशी मामी पदर खोचून उभी. "तीन कुठं लिहिलेत?" मामा म्हणाले, अगं, सोनं, ऊद, गंधरस. "त्या वस्तू तीन हायेत. माणसं किती ते दाखवा." अख्खी मंडळी पानं उलटायला लागली. मामाही उलटायला लागले, चष्मा वर करून, खाली करून... आणि आकडा कुठं नाहीच! जन्मभर चित्रात पाहिलेले तीन, नाटकात उभे केलेले तीन, आणि शास्त्रात आकडाच नाही. मामा कान धरून म्हणाले, "ते माझं होतं, वचनाचं नव्हतं." घरी जाताना मामी मला हळूच म्हणाल्या, "सा महिन्यांपासून दाबून ठेवलं होतं मी, म्हटलं नाताळ येऊ दे." मंडळी धडधाकट आहे की नाही हे कशावरून ओळखावं, असं मला कुणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगते. जिथं वाचणाऱ्याला त्याची बायको चारचौघांत अडवू शकते आणि तरी दुपारी दोघं एका ताटात जेवतात, ती मंडळी ठणठणीत.

गोडगोड माणूस नव्हता तो, हेही सांगते. माझं आणि माझ्या जावेचं कुकरवरून वाजलं. तिनं नेला, झाकण वाकवून आणला, वर म्हणाली वाकडंच होतं. दोन महिने आम्ही एकमेकींचं तोंड बघत नव्हतो आणि रविवारी शेजारी बसून गात होतो. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मामा सकाळीच येऊन आमच्या उंबऱ्यावर बसले. चहा नको, पाणी नको. म्हणाले, "भावाशी वाकडं असेल तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट कर, असं आहे. जावेशी चालतं, असं कुठं लिहिलंय ते दाखवा, मी जातो." मी संतापले. मनात म्हटलं, हा कोण मोठा लागून गेला! पण माणूस उठेचना. शेवटी जाऊच बाहेर आली, रडायला लागली, मीही लागले, आणि मामा उठून चपला घालत म्हणाले, "आता चहा टाका." असा छळ करणारं माणूस असावं लागतं हो. नाहीतर आपण वाकड्या झाकणावर जन्म काढतो.

घरं वाढली, सातांची चाळीस झाली, तेव्हा शिकलेला पाळक आणावा असं सगळ्यांना वाटलं. मामांनाही वाटलं. आलेल्या माणसानं पहिल्या रविवारी इतका सुरेख संदेश दिला आणि इतक्या नम्रपणे बाकावर बसला, की त्याला ठेवून घ्यायला पहिला हात मामांचाच वर झाला. सहा महिन्यांत त्यानं सांगितलं, पाळक म्हणू नका, पास्टर म्हणा. मग लग्नाच्या हॉलमध्ये उपासना, मग स्टेज, मग धूर सोडणारं यंत्र. धूर! भिवंडीच्या गोदामाला आग लागल्यासारखा धूर, आणि त्यातून हा बाहेर येणार. उंच पाठीची लाल मखमली खुर्ची आली. त्या खुर्चीवरून उठून मोडक्या बाकावर कोण बसतो? पडताळा अर्ध्या तासाचा दहा मिनिटांवर आला. मग प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचे. मग चिठ्ठ्या त्याची बायको निवडणार. संदेशात वचन एखादंच, लोणच्यापुरतं. बाकी सगळं 'मला देवानं काल दाखवलं'. काल काय दाखवलं त्याचा पडताळा कुठल्या पानावर बघायचा? आम्ही मात्र खूश होतो. पोरं इंग्रजी, हिंदी गाणी म्हणतात, गर्दी होते, फोटो छान येतात. चालशे, चालशे... आम्ही सगळे त्या शेठसारखे पाठीमागं उभे होतो.

आता शेवंताबाईचं सांगते. इथपर्यंत पास्टरला बोलले. आता माझी पाळी. शेवंताबाई साक्रीकडची, साडीला लेस लावायचं काम घरी आणायची. साखरेचा आजार जुना, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, वर गोळ्या. सुई टोचायला मीच शिकवलं होतं तिला. एका रविवारी पास्टरनं तिला स्टेजवर बोलावलं, कपाळाला तेल लावलं, आणि माइकवर विचारलं, "विश्वास आहे ना? मग औषध कशाला?" समोर एक मोठी काचेची बरणी ठेवली होती, औषधं टाकायला. बाई घुटमळली. तिनं खाली, पहिल्या रांगेत, माझ्याकडं बघितलं. पास्टरनंही बघितलं. हसून म्हणाला, "आपल्या सिस्टर तर नर्स आहेत. सिस्टर, देव मोठा की इन्सुलिन?" दोनशे माणसं माझ्याकडं बघत होती. बाजा हळूहळू चढत होता. तेवीस वर्षं नोकरी केलेली बाई मी. इन्सुलिन बंद केलं तर काय होतं ते मला झोपेतसुद्धा सांगता येतं. आणि मी म्हणाले, "आमेन."

हे लिहितानासुद्धा माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. भीती होती का? नुसती भीती असती तर एक वेळ बरं. मला बरं वाटलं होतं हो. माइक माझ्याकडं वळला, बाईनं औषधं बरणीत टाकली, माणसं टाळ्या वाजवायला लागली, तेवढ्या क्षणापुरतं मला बरं वाटलं होतं. किळस येते ती त्याची.

चिठ्ठ्या-बिठ्ठ्या गेल्या उडत, असं म्हणत त्याच दिवशी मामा उठले. बाक भिंतीला लावलेला होता, तो त्यांनी स्वतः ओढत समोर आणला आणि पास्टरला म्हणाले, "बसा." तो बसला नाही. मामा उभ्यानंच म्हणाले, "औषध टाकलं म्हणजे विश्वास, हे कुठं लिहिलंय? प्रेषितानं आपल्या सोबत्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहून पाठवलंय. त्याच्यासंगं फिरणारा एक तर वैद्यच होता. देव बरं करतो, मला कबूल. देवाला बरणी लागते, हे दाखवा."  एकाही पानाचा आवाज नाही, कारण पुस्तकं आणायचंच लोकांनी सोडलं होतं. स्टेजच्या पडद्यावर येतं तेवढं वाचायचं. पास्टर गोड आवाजात म्हणाला, "प्रियांनो, संशयाचा आत्मा कसा बोलतो ते ओळखा." आणि पुढच्या रविवारी त्यानं हात वर करून ठराव मागितला की पडताळा बंद. आमच्या लोकांची चूक काय झाली म्हणाल तर ही: विचारणं म्हणजे संशय, असं आम्ही मानून बसलो. आणि प्रेषिताचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात बघून घेणारी माणसं त्या शास्त्रातच आहेत, त्यांना तिथं शाबासकीच आहे. हे मामांनी आम्हाला वीस वेळा वाचून दाखवलेलं. हात वर झाले. माझाही झाला.

बाक हॉलच्या बाहेर गेला, जिन्याच्या तोंडाशी, चपला काढायच्या जागी. लोक त्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधायचे. पुढच्या रविवारी बघते तर मामा तिथं बसलेले, मांडीवर शास्त्र, शेजारी मामी. आत आले नाहीत, दुसरीकडंही गेले नाहीत. कुणी म्हणालं, मामा, दुसरी मंडळी बघा. तर म्हणाले, "खोटा ताका माझ्या हातनं पास झालाय. तो परत येईस्तोवर मला इथंच बसलं पाहिजे." दर रविवारी आतून आवाज ऐकायचे, पानं उलटायचे, आणि वचन सापडलं नाही की खडूनं बाकावर एक बारीक रेघ. रागानं नाही, सवयीनं. आणि आम्ही त्यांच्यासमोर चपला काढून आत जायचो. मी दोनदा तिसऱ्या रांगेतून मागं वळून बघितलं. त्या दोघांशेजारी बसायला जागा होती. मी गेले नाही.

चार महिन्यांनी शेवंताबाईच्या पायाच्या अंगठ्याला लेस मशीनचा पाय लागला. एवढीशी जखम. ती चिघळली, काळी पडली, वास यायला लागला, तरी ती कुणाला सांगेना, स्टेजवरची बरी झाल्याची साक्ष खोटी पडेल म्हणून. शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. तिचं ड्रेसिंग मी करायला लागले. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, बाई, पास्टरनं सांगितलं आणि तू लगेच ऐकलंस? ती माझ्याकडं शांतपणे बघत म्हणाली, "त्यानं सांगं म्हनीसन नहीं. तुम्ही आमेन म्हन्यात, म्हनीसन मी टाकी दिध्यात." पास्टरवर नाही, नर्सवर विश्वास ठेवला होता तिनं. पास्टर तिला भेटायला एकदाही गेला नाही. तिच्या साक्षीचा व्हिडिओ मात्र मोबाईलवर फिरतच होता, माझ्या आमेनसकट.

मामांची माझी शुद्धीतली शेवटची भेट आमच्या दवाखान्यात झाली. रक्तदाब मोजायला आले होते. खूपच वाढलेला होता. मी डॉक्टरांना बोलवायला उठले तर म्हणाले, "बसा जरा. शेवंताबाईचं ड्रेसिंग कोण करतं?" मी म्हटलं, मी. "रोज?" रोज. "बरं," म्हणाले, आणि दंडाचा पट्टा स्वतःच सोडवायला लागले. मला वाटलं आता बोलतील, आता झापतील. मीच बोलले, मामा, माझं चुकलं. ते म्हणाले, "मला कशाला सांगता? जिथं म्हणालात तिथं जाऊन सांगा. बाक आहे की." आठवड्यानं त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शेवटचे अकरा दिवस त्यांच्या तोंडून एक शब्द आला नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या उशाशी होते, म्हणून सांगते.

स्मरणाची उपासना पास्टरनं हॉलमध्येच घ्यायला लावली. मामी नको म्हणत होत्या, पण नातेवाईक म्हणाले, बरं दिसत नाही. स्टेजवर मामांचा हार घातलेला फोटो, आणि त्यावरही धूर. पास्टरनं डोळे मिटून सांगितलं, "जाण्याच्या दोन दिवस आधी पाटोळेअंकलनी माझा हात धरला. म्हणाले, पास्टर, मी तुम्हाला फार प्रश्न विचारले, मला क्षमा करा." लोकांनी हळहळून 'आमेन' म्हटलं. मी मामींकडं बघितलं. त्यांचा चेहरा ओल्या भिंतीसारखा झाला होता. मुक्या माणसाच्या तोंडात शब्द घातले त्यानं! मेलेल्याच्या तोंडचं पाणीसुद्धा सोडलं नाही. मी उठले. बाहेर आले. जिन्याशी बाक होता, रेघांनी पांढरा झालेला, वर कुणाच्या तरी लाल सँडल ठेवलेल्या. मी सँडल खाली ठेवल्या. बाक ओढायला लागले तर हलेना, जडच होता. एवढ्यात दुसऱ्या टोकाला कुणीतरी हात लावला. माझी जाऊ. आम्ही दोघींनी तो फरशीवर करकरत आत नेला, मधल्या वाटेनं, थेट स्टेजसमोर, आणि मी लोकांकडं तोंड करून बसले.

 मी म्हटलं, "मामांची वाचा अकरा दिवस गेलेली होती. मी त्यांची नर्स होते. हात धरून ते कुणाशी बोलले ते पास्टरनी सांगावं." बाजा जोरात सुरू झाला. मग मी त्या बाज्यावर ओरडले. मागांवर ओरडायची सवय होती, ती कामाला आली. शेवंताबाई मागं कुबडी मांडीवर घेऊन बसली होती, तिच्याकडं बघून ओरडले. "शेवंताबाई, इथं बसून मी आमेन म्हणाले होते. ते माझं होतं, वचनाचं नव्हतं!"  तिनं मान हलवली की नाही ते धुरात नीट दिसलं नाही. पास्टरच्या माणसांनी माइक वाढवला, कुणी मला 'सैतानी' म्हणालं, कुणी पाणी आणून दिलं. फार मोठं काही झालं नाही. नऊ माणसं उठून बाहेर आली. हॉल अजून भरतो, धूर अजून निघतो, आणि तो व्हिडिओ अजून आहे. शेवंताबाईचा पाय काही माझ्या ओरडण्यानं परत आला नाही.

बाक मात्र आम्ही उचलून आणला. आता तो मामींच्या खोलीत असतो, पुठ्ठ्याची नवी घडी घातलीय, रेघा कुणी पुसल्या नाहीत. पहिल्या रविवारी अकरा जणं दाटीवाटीनं बसलो, शेवंताबाई कॉटवर. बोलायची पाळी माझ्यावर आली. मी वचन वाचलं, चार शब्द बोलले, आणि शेवटी मामांच्या आठवणीत म्हणून गेले, "आपले मामा आत्ता वर बसून खडू घेऊन आपल्याकडं बघत असतील." सगळ्यांचे डोळे पाणावले. मी बाकावर येऊन बसले. मामींनी पदरानं नाक पुसलं, मामांचा चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि मांडीवरचं शास्त्र उघडत मला विचारलं,

"कुठं लिहिलंय?"

मी शोधलं. सगळ्यांनी शोधलं. बराच वेळ खोलीत नुसती पानांची सळसळ. मग मी म्हटलं, "नाही लिहिलं, मामी. ते माझं होतं."